मोठ्यांना जास्त, बारक्यांना कमी

वरिष्ठांनी दिलेली वस्तू नाकारू नये, विशेषतः ती वस्तू जिवंत असेल आणि आपली नोकरी अजून कच्ची असेल तर. आमच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेत मी परिवीक्षाधीन सहायक होते. म्हणजे काम कायम माणसाचं आणि खुर्ची उमेदवाराची. वर्षअखेरीला साहेबांनी एका कागदावर सही केली तर मी कायम होणार, नाही केली तर ती खुर्ची दुसऱ्या उमेदवाराला मिळणार. त्यामुळे साहेबांनी केबिनमध्ये बोलावून "तुझ्या घरी मासे ठेवायला जागा आहे का?" असं विचारलं, तेव्हा आमच्या घरात माणसांनासुद्धा आळीपाळीनं बसावं लागतं हे सत्य मी गिळलं आणि "भरपूर आहे, सर" म्हणून मोकळी झाले.

साहेबांच्या केबिनमध्ये काचेची मोठी टाकी होती आणि तीत शिकारी सिक्लिड माशांची एक जोडी. अंगावर काळे ठिपके, खालचा जबडा पुढे आलेला आणि नजर अशी, की फाइल घेऊन आत गेलेला माणूस आधी त्यांच्याकडे बघे आणि मग साहेबांकडे. तुलनेनं साहेब बरे वाटत. ही जोडी आईबाप म्हणून आदर्श होती. अंड्यांना परांनी वारा घालायची, पिल्लांचा कळप सांभाळून फिरवायची, जवळ येणाऱ्यावर धावून जायची. फक्त एके दिवशी अचानक दोघांचा विचार बदले आणि ती सगळी पिल्लं खाऊन टाकत. दोन खेपांना असं झाल्यावर तिसऱ्या खेपेला साहेबांनी रबरी नळीनं पिल्लं ओढून वेगळी काढली होती. ती तीसेक पिल्लं आता एका बादलीत माझी वाट बघत होती.

"जीवशास्त्र शिकलीस ना?" साहेब म्हणाले. "मग नीट सांभाळ. वर्षअखेरीला येऊन बघेन मी."

वर्षअखेर हा शब्द साहेब उगाच वापरत नाहीत.

बादली घरी आली तेव्हा बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. टाकी ठेवायला घरात एकच जागा निघाली, ती आरामखुर्चीची. बाबांनी खुर्ची स्वतः उचलून जाण्यायेण्याच्या बोळात नेली आणि तिथून म्हणाले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं." बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्यामुळे आता ते फक्त तयार वाक्यंच बोलतात, त्यात चूक निघत नाही.

"हे खातात काय?" आईनं विचारलं. घरात आलेल्या कुणाबद्दलही तिचा पहिला प्रश्न हाच असतो.

हाच प्रश्न घेऊन मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, बादलीतल्या पिल्लांचा मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि डॉक्टरनं रिपोर्ट बघून मान हलवावी तशी हलवली.

"दाणे चालणार नाहीत, ताई. यांना हलणारं लागतं. जे हलत नाही ते यांच्या लेखी अन्नच नाही."

"पण ही तर नखाएवढीसुद्धा नाहीत."

"म्हणून काय झालं? वाघाचं पिल्लू गवत खातं का?"

त्यानं मला आर्टेमियाची अंडी दिली. डबीत तपकिरी धूळ भरल्यासारखी दिसत होती. ही खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या एका बारीक जिवाची अंडी. मिठाच्या पाण्यात टाकून नळीनं हवा सोडत राहिलं, की दीडेक दिवसात त्यातून नारिंगी ठिपके पोहत बाहेर पडतात. ते गाळायचे, गोड्या पाण्यात धुवायचे आणि पिल्लांना घालायचे. मी दोन रिकाम्या बाटल्यांचे तळ कापले, त्या उलट्या टांगल्या आणि गॅसच्या शेगडीशेजारी माझा कारखाना सुरू झाला.

"माझ्या ओट्यावर समुद्र नको," आई म्हणाली.

"आई, हा समुद्र नाही. पस्तीस ग्रॅम मीठ आणि एक लिटर पाणी आहे."

"मग समुद्र आणखी वेगळा काय असतो?"

मी मीठ मोजायला घेतलं.

आईचं मत बदललं ते पहिल्या जेवणाला. नारिंगी ठिपक्यांचा ढग पाण्यात सोडला आणि इतका वेळ तळाशी निपचित पडलेली ती पिल्लं एकदम वाघ झाली. पाठ वाकवायची, नेम धरायचा आणि झेप. थोड्या वेळानं प्रत्येकाच्या काचेसारख्या पारदर्शक अंगात एक नारिंगी पोट दिसायला लागलं. आई चष्मा लावून काचेला नाक टेकवून बसली होती.

"अगं, पोट भरलेलं दिसतंय की बाहेरून!" ती म्हणाली. "माझ्या पोरांच्या वेळी अशी सोय असती तर मी कशाला घास भरवत घरभर पळले असते?"

त्या क्षणापासून पिल्लं आईची झाली. माझा दादा नोकरीसाठी दूर गेलाय, बाबांचं जेवण डॉक्टरांनी मोजून दिलंय आणि मी उभ्याउभ्या डबा उरकते. वाढायला हातात पळी घेऊन उभी असलेली ही बाई बरेच दिवस बेकार होती. एकदम तीस जण पंगतीला बसले.

मांसाहारी माशांच्या संगोपनावर आमच्या इमारतीत इतके तज्ज्ञ असतील याची मला कल्पना नव्हती. खालच्या मजल्यावरचे काका आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी एकेकाळी बरणीत मासा पाळला होता. तो किती दिवस जगला हे ते सांगत नाहीत, पण त्या अनुभवाच्या जोरावर त्यांनी मला उकडलेल्या अंड्याचा बलक घालायला सांगितलं. मी म्हटलं, बलक हलत नाही. ते म्हणाले, "मग तू हलव." समोरच्या काकूंना चार मुलगे. त्या म्हणाल्या, "मासे काय नि मुलगे काय, सगळ्यांना एकाच ताटात घालू नकोस. दांडगे खातात आणि गरीब बघत बसतात." मी नम्रपणे हसले. नम्रपणे हसणं हा शिकलेल्या माणसाचा न ऐकण्याचा प्रकार आहे. नंतर पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की शिकारी माशांच्या पिल्लांबद्दल महत्त्वाचा नियम नेमका हाच. सगळ्यांची वाढ सारखी राहिली पाहिजे. एखादं पिल्लू दुसऱ्याच्या दुप्पट झालं, की दुसरं त्याच्या तोंडात मावतं. आणि या जातीत जे तोंडात मावतं त्याला नातं नसतं.

म्हणून मी पद्धतशीर कामाला लागले. टाकीच्या मागच्या काचेवर आलेखाचा कागद चिकटवला. पिल्लू कागदासमोरून गेलं की किती चौकोन लांब आहे ते मोजायचं. रोज थोडं पाणी बदलायचं. पिल्लं जरा मोठी झाल्यावर कोळंबीचा बारीक कीस सुरू केला आणि मागे राहिलेल्या बारक्यांसाठी आर्टेमिया चालू ठेवला. दोन महिन्यांत पिल्लं अंगठ्याएवढी झाली, अंगावर ठिपके उमटले, आणि तीसच्या तीस शिल्लक होती. साहेब रोज विचारत, "काय म्हणतात आमचे?" आणि मी चौकोन सांगत असे. साहेबांच्या चेहऱ्यावर सही दिसायला लागली होती.

आणि मग मला खेड्यांतल्या विहिरींचे नमुने गोळा करायला पंधरवडाभर पाठवण्यात आलं.

जाताना मी आईला सगळं नीट समजावलं. दिवसातून तीनदा, चिमूटभरच. रोज कागदावरचे चौकोन मोजायचे. "आणि मी फोन करीन तेव्हा जास्त बोलता येणार नाही," मी म्हटलं. "तिकडे रेंज नसते. फक्त वाढीचं बोलू."

"वाढायचं मला शिकवतेस का?" आई म्हणाली. मी आधीच दारात होते. त्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

तिकडे रेंज खरोखरच नव्हती. एका टेकाडावर, एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर फोन लागायचा. त्या दगडासाठी आमच्या तुकडीची रांग लागायची आणि खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा. माझी पाळी आली तेव्हा मी ओरडले,

"आई! वाढ?"

"वाढते, वाढते!" आईचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"छान! मोठ्यां... जास्त वाढ? बारक्यां... कमी वाढ?"

"मोठ्यां... जास्त?"

"हो, जास्त!"

"आणि बारक्यां... कमी?"

"कमीच ना! साहजिकच आहे!"

"बरं बाई. तू म्हणतेस तर..." आणि फोन तुटला.

थोडाफार फरक पडणारच, आल्यावर वेगळं करू, असं म्हणत मी दगडावरून उतरले. मराठीत सगळा अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो. '-ची' म्हटलं तर एक आणि '-ना' म्हटलं तर भलतंच. आणि वाईट रेंज नेमकी शेपटीच तोडते, हे निरीक्षण मी तेव्हा नोंदवायला हवं होतं. मी विहिरींची खोली नोंदवत होते.

चार दिवसांनी पुन्हा दगड मिळाला.

"आई! वाढ दुप्पट?"

"दुप्पट?"

"दुप्पट! हो ना?"

"बरं, दुप्पट तर दुप्पट."

मी इतकी खूश झाले, की ड्रायव्हरला चहा पाजला. अंगठ्याएवढ्या जिवाला दुप्पट करणं हे साधं काम नव्हे. शेवटच्या फोनला मी भावनेच्या भरात म्हणाले, "आई, अशीच वाढ! थांबता कामा नये!" आई पलीकडून अभिमानानं म्हणाली, "नाही थांबत. हात दुखले तरी नाही थांबत." कुणाचे हात, हा प्रश्न मला पडला नाही.

इकडे टाकीचं पाणी आधी धुरकट झालं, मग ताकासारखं. आई म्हणे, "दुप्पट खातात तर दुप्पट घाण होणारच." पण बाबा अस्वस्थ झाले. मला फोन लागेना. तेव्हा त्यांना सुचलं, की आपली मुलगी पाणी तपासायच्या कचेरीत आहे, पाणी खराब झालंय, मग पाणी तिथेच न्यावं. इतकी सरळ विचारसरणी सरकारी कचेरीत फार धोकादायक असते. बाबांनी स्वच्छ धुतलेल्या बाटलीत टाकीचं पाणी भरलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझी ओळख सांगितली नाही. वशिला लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. पुढचा संवाद मला खिडकीवरच्या कारकुनानंच नंतर शब्दशः ऐकवला.

"नमुना कुठला?"

"टाकीतला."

"घरची टाकी का इमारतीची?"

"इमारतीतच आहे."

कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. त्यावर चार चौकटी होत्या. नळ, विहीर, तळं, टाकी. बाबांनी 'टाकी'वर खूण केली. विचारलं तेवढंच लिहावं, जादा शब्द म्हणजे जादा चुका, हे त्यांचं छापखान्यातलं ब्रीद.

"या पाण्यावर किती जण आहेत?"

"तीसेक होते," बाबा म्हणाले. "हल्ली कमी दिसतात."

कारकुनानं मान वर केली. "कमी दिसतात म्हणजे?"

"म्हणजे रोज एखाद-दुसरा दिसेनासा होतो. आणि उरलेत ते सुजल्यासारखे झालेत."

अर्जावर लाल शाईत 'तातडीचं' असा शिक्का बसला.

आमच्या प्रयोगशाळेच्या कार्यक्षमतेबद्दल लोक काहीही बोलोत, त्या बाटलीची तपासणी अतिशय उत्तम झाली. अमोनिया मर्यादेच्या कितीतरी पट. जंतू मोजणीपलीकडे. आणि सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला, ज्याला सगळे भिंगराव म्हणतात, त्यात एका सागरी जिवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. समुद्र आमच्या गावापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. भिंगरावनं अहवालात लिहिलं, 'इमारतीच्या पाण्यात समुद्राचं पाणी झिरपत असल्याची शक्यता नाकारता येत नाही.' शेवटचा शेरा होता, 'पिण्यास सर्वथा अयोग्य. वापरणाऱ्यांची संख्या घटत आहे.' साहेबांनी सही केली. अहवाल इमारतीच्या सेक्रेटरींना, म्हणजे खालच्या काकांना, हातोहात पोचवला गेला.

काकांनी काय केलं नाही ते विचारा. मुख्य नळाला कुलूप लावलं. गच्चीवरची टाकी रिकामी करवली, घासून पुसून लख्ख केली. 'संख्या घटत आहे' हे वाक्य वाचून त्यांचा धीर सुटला होता, म्हणून त्यांनी प्रत्येक मजल्यावर हजेरी घेतली. दुसऱ्या मजल्यावरचा एक माणूस सापडेना तेव्हा पोलिसांत जायची तयारी झाली. तो माणूस भांडून माहेरी गेलेल्या बायकोची समजूत काढायला सासुरवाडीला गेला होता, हे निष्पन्न झालं तेव्हा सगळ्या इमारतीला कळलं. त्याचं पुढे काय झालं तो वेगळा विषय आहे.

मी नमुन्यांची पेटी घेऊन परतले तेव्हा इमारतीसमोर पाण्याचा टँकर उभा होता आणि त्यामागे बादल्यांची रांग.

"आली! पाण्याची डॉक्टर आली!" समोरच्या काकू ओरडल्या. काकांनी अहवाल माझ्या हातात ठेवला. "बघ बाई, तुमच्याच साहेबांची सही आहे. गच्चीवर समुद्र आलाय म्हणतात."

मी अहवाल वाचला. आधी कामाचा दर्जा पाहून मला अभिमान वाटला. मग भिंगरावनं काढलेली टरफलांची आकृती पाहिली आणि पेटी तिथेच सोडून जिने चढले.

टाकी दुधानं भरल्यासारखी दिसत होती. त्या दुधातून एक जबडा काचेपाशी आला. मग दुसरा. मी मोजले. सात. माझ्या तळहाताएवढे सात मासे, पोटं अशी की पोहताना इकडून तिकडे झोकांड्या जाव्यात. बाकी तेवीस जणांचा मागमूस नव्हता. आई वाटी घेऊन उभी होती.

"आलीस? बघ कसे बाळसेदार झालेत! तू सांगितलंस तसंच वाढलं. मोठ्यांना जास्त, बारक्यांना कमी."

"मी सांगितलं?"

"मला पटलं नव्हतं गं. मोठ्याला जास्त नि धाकट्याला कमी असं मी तुमच्यात कधी केलं नाही. पण म्हटलं, सायन्स असेल. मग तू म्हणालीस दुप्पट वाढ. मग म्हणालीस थांबू नकोस. अगं, कोळंबी किसून किसून माझी बोटं गेली."

मी खाली बसले. जन्मापासून या घरात मी 'आई, वाढ' एवढे दोनच शब्द अधिकारवाणीनं बोलत आलेय, आणि त्यांचा एकच अर्थ होत आलाय. तो शास्त्राच्या पदवीनं बदलावा ही माझी अपेक्षाच अशास्त्रीय होती.

"आई, मी विचारत होते! किती वाढ झाली, असं विचारत होते!"

बोळातून बाबांचा आवाज आला. "प्रश्नचिन्ह ऐकू येत नसतं. 'का' लावायचा होतास."

"आणि तेवीस गेले कुठे?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनसुद्धा. शाळेत मी मत्स्यन्याय हा शब्द निबंधात वापरून बक्षीस मिळवलं होतं. मोठा मासा लहान माशाला खातो म्हणजे समाजात बळी तो कान पिळी, असं लिहिलं होतं. मत्स्यन्यायात मासेही असतात, हे मात्र पहिल्यांदा समोर दिसत होतं.

रडायला वेळ नव्हता. उरलेले सात पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. अमोनियावर पहिला उपाय एकच, पाणी बदलायचं. आणि सगळ्या इमारतीत थेंबभर पाणी नव्हतं, कारण माझ्या टाकीतलं पाणी खराब होतं. हा कार्यकारणभाव मी नीट लिहून काढला तर विज्ञानाच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. मी बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिले. घरटी दोन बादल्या मिळत होत्या. मी त्या वर नेल्या, क्लोरिन मारायचं औषध घातलं आणि पहिली बादली टाकीत ओतत असताना समोरच्या काकू उघड्या दारातून आत आल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या घशाला कोरड आणि तू माशांना आंघोळ घालतेस?"

"काकू, जरा हळू..."

"हळू कशाला? हौसेला मोल नसतं म्हणतात, पण म्हणून..." बोलता बोलता त्यांची नजर टाकीतल्या दुधावर गेली, मग ओट्यावरच्या अहवालावर, मग पुन्हा टाकीवर. चार मुलगे वाढवलेल्या बाईला पुरावा लागत नाही. त्यांनी मागे वळून दार लावलं. "टाकी ही होय?"

मी मान हलवली.

"सेक्रेटरीला कळलं तर?"

"इमारतीतून काढतील."

"आणि साहेबांना कळलं तर?"

"नोकरीतून."

काकू गेल्या आणि त्यांच्या वाटच्या दोन बादल्या घेऊन परत आल्या. "आमच्याकडे आज कुणी आंघोळ करत नाहीये," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. समुद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले होते. बरोबर भिंगराव आणि हातात नियमांचं जाडजूड पुस्तक घेतलेला हेडक्लार्क. गच्चीवर टाकी चमकत होती. काका कौतुकाची वाट बघत उभे.

"पुरावा धुऊन टाकलात?" साहेब म्हणाले.

भिंगरावनं टाकीत डोकं घालून बराच वेळ पाहिलं. "समुद्र ओसरलेला दिसतोय, सर," तो म्हणाला.

मग ऊन वाढलं, साहेब दमले आणि म्हणाले, "तू इथंच राहतेस ना? चल, जरा बसू. आमचे मासेही बघतो."

गच्चीपासून आमच्या दारापर्यंत जेवढ्या पायऱ्या आहेत तेवढ्या सबबी मी मनात तयार केल्या. त्यातली एकही दारापर्यंत टिकली नाही. साहेब टाकीसमोर उभे राहिले. पाणी आता बऱ्यापैकी नितळ झालं होतं. काचेमागचे सात जबडे साहेबांकडे बघत होते आणि साहेब त्यांच्याकडे.

"सुंदर," साहेब म्हणाले. मग थांबले. "बाकीचे कुठे आहेत?"

"सगळे इथेच आहेत, सर," मी म्हणाले. "फक्त एकमेकांत आहेत."

मग मीच बोलले. दगड, हॉर्न, चौकोन, कोळंबी, बाटली, सगळं एका श्वासात सांगून टाकलं. खोटं सांगता आलं असतं, पण खालच्या काकांना रात्री झोप लागत नव्हती आणि बिनपाण्याच्या घरांत लहान मुलं होती. भिंगराव मध्ये एकदा "तरीच टरफलं!" म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मला त्याही स्थितीत बरं वाटलं. दारातून हळूच आत आलेले खालचे काका फक्त "म्हणजे मी हजेरी माशांची घेत होतो?" म्हणाले.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "गच्चीवर समुद्र आलाय, या वाक्याखाली माझी सही आहे! लोक काय म्हणतील? मासे दिले सांभाळायला, तर..."

"तिला काही बोलू नका, साहेब," आई पदर खोचून पुढे आली. "फोनवर मला ऐकू आलं, मोठ्यांना जास्त, बारक्यांना कमी. मी म्हटलं, सरकारी पद्धत असेल."

भिंगराव खोकला. तो इतका खोकला, की त्याला बोळात जावं लागलं. साहेबांनी ओठ दाबून ठेवले होते, पण त्यांचे खांदे हलत होते. ते रागानं हलतायत की हसण्यानं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मग त्यांनी सावरून घेतलं आणि हेडक्लार्ककडे वळले.

"हिच्या कागदावर काय लिहायचं ते लिहा. सेवा समाप्त."

हेडक्लार्कनं पुस्तक उघडलं, बोटाला थुंकी लावली, पान उलटलं.

"नाही लिहिता येत, सर. चुकीच्या नमुन्यावर सही झाली, म्हणजे चौकशी लावावी लागेल. आणि चौकशी चालू असताना उमेदवाराला काढता येत नाही. कायमही करता येत नाही. आहे त्या खुर्चीवर, आहे त्या पगारावर ठेवावं लागतं."

"किती दिवस?"

"चौकशी संपेपर्यंत."

"आणि ती कधी संपते?"

हेडक्लार्कनं साहेबांकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं 'चंद्र आपल्या मागे का येतो' असं विचारणाऱ्या मुलाकडे बघतात. "सर," तो म्हणाला, "आपल्याकडची एखादी संपलीय का?"

साहेबांनी विचार केला. संपलेली एकही आठवली नाही.

"शिवाय," हेडक्लार्कनं पुढचं पान उलटलं, "सदर टाकी आणि तीतले सजीव हे पुरावे ठरतात. ते उमेदवाराच्या ताब्यात, जिवंत ठेवावे लागतील. पुरावा नष्ट झाला तर चौकशी तिथेच बंद."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग साहेबांना सेवा समाप्तीवर सही करायला मोकळीक," तो म्हणाला, आणि पुस्तक मिटलं.

गच्चीवरच्या टाकीचा नवा नमुना इतका शुद्ध निघाला, की काकांनी त्याचा अहवाल फ्रेम करून जिन्यात लावला. पाणी आलं. इमारतीतले लोक सगळं विसरले, फक्त सासुरवाडीला गेलेला तो माणूस सोडून. माझी चौकशी सुरू आहे. चौकशी अधिकारी म्हणून साहेब स्वतः महिन्यातून एकदा पुरावा तपासायला येतात, टाकीसमोर तासभर बसतात आणि 'पुढील निरीक्षण आवश्यक' असं लिहून जातात. सातही पुराव्यांना क्रमांक दिले आहेत. या जातीचे मासे नीट ठेवले तर दहा-बारा वर्षं जगतात. म्हणजे माझी नोकरी कच्ची आहे, पण कायम नोकरीवाल्या पुष्कळांपेक्षा तिची मुदत मला नेमकी माहीत आहे.

परवा पुरावा क्रमांक एकनं दिवसभर काही खाल्लं नाही. तळाशी एका कोपऱ्यात तोंड करून बसला. आई त्याच्यासमोर बसली, बाबा खुर्ची ओढून बोळातून बाहेर आले, काकू आल्या, खालचे काका दारात उभे राहिले. मी तीन वेळा पाणी तपासलं. दिवेलागणीच्या सुमाराला तो हलला, पाठ वाकवली, नेम धरला आणि झेप घेऊन पुरावा क्रमांक दोनच्या शेपटीचा लचका तोडला. तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.